तुळस सासरी गेली

"वहिनी, झाकण कुठाय?"

मैला उपसायच्या गाडीवरचा बबन जाडजूड पाइप खांद्यावर टाकून आमच्या अंगणात उभा होता आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. झाकण? अंगण तर या कडेपासून त्या कडेपर्यंत शहाबादी फरशीचं. मधोमध आत्याचं तुळशीवृंदावन, एका अंगाला न्हाणी, दुसऱ्या अंगाला ह्यांची मोटारसायकल. संडासाची टाकी अंगणाखाली आहे एवढं मला ठाऊक. पण तिचं तोंड कुठं आहे, हे या घरात सून म्हणून आल्यापासून मी कधी विचारलंच नव्हतं.

दारात सगळी वरची आळी गोळा झालेली. त्याला कारण मीच. मी तेव्हा बोरजाईवाडीची सरपंच होते आणि मासिक सभेत छाती ठोकून बोलून बसले होते, "नियम गावाला लावायचा तर सुरुवात सरपंचाच्या घरापासून." नियम तसा साधाच. ज्याच्या त्याच्या घरची टाकी दर तीन वर्षांनी उपसायची. आत माणूस उतरवायचा नाही, गाडीनंच उपसायची. झाकण कधीही उघडता आलं पाहिजे. आणि टाकीतून बाहेर पडणारं पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात जिरवायचं. आता फक्त ग्रामसभेनं हात वर करायचे बाकी होते.

हा उद्योग मी का आरंभला, तेही सांगते. आमचं गाव डोंगराच्या उतारावर. वरच्या आळीत ज्याच्या त्याच्या घरी संडास, आणि एकाचीही टाकी बांधल्यापासून कुणी उघडलेली नाही. उलट त्याचीच बढाई! "आमची टाकी भरतच न्हाई," असं लोक पाव्हण्यांना कौतुकानं सांगायचे. भरत नव्हती कुठली? भरून कधीचीच वाहत होती. घाण पाणी पाइपातून गटारात, गटार उतारानं खालच्या आळीत, आणि तिथं गटाराच्या कडेलाच पिण्याच्या पाण्याची विहीर. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर पाणी तपासणी झाली आणि विहिरीला लाल कार्ड मिळालं. म्हणजे पाणी पिऊ नका. पण ते कार्ड येईस्तोवर खालच्या आळीत कावीळ घरोघर फिरली होती. माझे वडील, आप्पा, अंथरुणाला खिळले होते.

हो, माझं माहेर खालच्या आळीतलं. आणि माझ्या सासूचंही तेच. ती माझी सख्खी आत्या. आमच्याकडं आत्याच्या घरात भाची द्यायची रीत आहे, त्या रीतीनं मी तिच्या दिनकरला दिलेली. म्हणजे आप्पा माझे वडील आणि तिचा धाकटा भाऊ.

तर अंगणात शोधाशोध सुरू झाली. आमचे हे पहार घेऊन फरशी ठोकत हिंडत होते आणि दर ठोक्याला कान लावून म्हणत होते, "हितं पोकळ वाजतंय जणू." सगळीकडंच पोकळ वाजत होतं.

दारातून उपसरपंच हणमंतराव मोकाशींचा आवाज आला, "बघा गंमत! सरपंचबाईंना सोत्ताच्या घरची टाकी घावंना, आन निघाल्यात गावाच्या टाक्या उघडायला."

लोक खदाखदा हसले. मी म्हटलं, "हसा, हसा. उद्या गाडी तुमच्याच दारात येणाराय, हणमंतराव."

"येऊ द्या की! आमच्या टाकीत हत्ती बुडंल हत्ती. अजून निम्मीबी भरली नसंल."

शेवटी मी ज्ञानू गवंड्याला बोलावणं धाडलं. वरच्या आळीतल्या सगळ्या टाक्या त्याच्याच हातच्या. म्हातारा काठी टेकत आला. मी विचारलं, "तात्या, झाकण कुठं ठेवलंय वो?"

उंबऱ्यात आत्या सुपात तांदूळ निवडत बसली होती, तिच्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "लई वरसं झाली बाई. इसरलो."

तोंडानं विसरला, पण डोळ्यांनी नाही. त्याची नजर अंगणाच्या मधोमध गेली. मी तिकडं बघितलं, बबननं बघितलं, ह्यांची पहार जागच्या जागी थांबली. तुळस! झाकण तुळशीवृंदावनाखाली होतं.

आत्यानं सूप खाली ठेवलं. "तुळशीला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "सांगून ठेवते. पयलं मला उचलायचं, मग तिला."

आत्याच्या शब्दापुढं आमच्या घरात बिशाद कुणाची? भजनी मंडळाची म्होरकी बाई ती. आळीत कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, आत्याला विचारल्याशिवाय पान हलत नसे. बबननं पाइप गुंडाळला आणि रिकामी गाडी उताराला लागली. पोरंटोरं ओरडत तिच्या मागं पळाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "आत्या, झाकणावर तुळस कशाला ठेवली गं?"

"जागा उंच हुती."

"खरं सांग."

"खरंच सांगतेय. तुळस माझ्या माहेरच्या विहिरीच्या काठची हाय. लगीन होऊन आले तवा वटीत घालून आणलं रोपटं. हितं बसवल्यापासनं जागची हलली न्हाई, आन तुझ्या त्या घाणीच्या नियमापायी हलवू व्हय?"

"त्याच विहिरीच्या पाण्यानं आप्पा आजारी पडलाय!"

"पावसाचं पाणी बाधलं त्याला. दरसाल बाधतंय कुणाला ना कुणाला." आणि तिनं भाकरीचं पीठ असं काही मळायला घेतलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले. राग आला होता मला. पण तिच्या आवाजात काहीतरी दडवल्यासारखं होतं, तेही मला कळलं होतं.

दिवाळी आली. भाऊबीजेला आत्या दरवर्षी माहेरी जायची. म्हणायला माहेर, चालत गेलं तर विडा चघळून व्हायच्या आत येतं. पण ती जायची ती नवं लुगडं नेसून, नाकात नथ, हातात ताट, असं ठेवणीतलं माहेर करून. आणि तिची एक रीत होती. भावाच्या घरात पाऊल टाकलं की आधी विहिरीच्या पाण्याचा तांब्या. तो उभ्यानं गटागटा प्यायचा, मग बसायचं, मग ख्यालीखुशाली. "माहेरचं पाणी पोटात गेल्याबगर मला सणच लागत न्हाई," म्हणायची.

मीही बरोबर गेले. आप्पाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. डोळे पिवळे, गालफडं बसलेली. आत्या उंबऱ्यातच थबकली. आजारी आहे हे तिला ठाऊक होतं, डबेही धाडत होती, पण सणाशिवाय माहेरी पाऊल टाकत नसल्यानं डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होती. माझ्या वहिनीनं सवयीनं माठातून तांब्या भरला आणि आत्याच्या हातात दिला.

आप्पानं हात पुढं केला. "आक्का, थांब. ते पिऊ नगंस."

"का रं?"

"नगंस म्हणतो न्हवं." त्यानं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. थोडं पाणी तिच्या नव्या लुगड्यावर सांडलं. "तुला काय झालं तर आमी कुणाकडं बघायचं? सूनबाई, ती दुकानातली बाटली आण आक्काला."

वहिनी प्लास्टिकची बाटली घेऊन आली. आत्या त्या बाटलीकडं बघत राहिली. मग तिनं ती तशीच बाजूला ठेवली, भावाला ओवाळलं, त्याच्या कपाळावरनं हात फिरवला आणि उठली. करंजी तोंडात घातली नाही की पाणी प्यायली नाही.

येताना ती नेहमीच्या वाटेनं आलीच नाही. विहिरीपाशी गेली, कठड्यावर हात ठेवून आत वाकून बघितलं. मग शेजारच्या गटाराकडं वळली आणि गटाराच्या कडेकडेनं, नवं लुगडं वर खोचून, चढ चढायला लागली. मी मागं मागं. कुठं एखादा पाइप गटारात सोडलेला दिसला की ती थांबायची, तो कुणाच्या घराचा ते बघायची आणि पुढं निघायची. सगळ्यात वरच्या पाइपापाशी ती थांबली. त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. तो आमचा होता.

घरी आल्यावर तिनं तुळशीला दिवा लावला आणि कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिली.

ग्रामसभा त्यानंतर चारच दिवसांनी होती. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. मी नियम वाचून दाखवला. खालची आळी मान डोलवत होती, पण तिची मतं ती किती! गाव वरच्या आळीचं. हणमंतराव मोकाशी खाकरून उठले.

"नियम चांगला हाय. आपला इरोध न्हाई," ते म्हणाले, म्हणजे विरोध होता. "पण एक इचारतो. परवा सरपंचबाईंच्या दारात काय झालं ते समद्यांनी बघितलं. झाकण तुळशीखाली. आन त्यांच्याच न्हवं, वरच्या आळीत जिथं जाल तिथं तुळस टाकीवरच हाय. माझ्याबी दारात हाय. मग काय गावातल्या समद्या तुळशी उपटणार का? आयाबहिणींनो, तुमीच सांगा, चालंल का?"

बायकांत कुजबुज झाली. "न्हाई बया", "तुळशीला कसं हलवायचं", "घरावर काय आलं म्हंजी?" कुजबुजीचा गलका झाला. नियम गेला, मी मनाशी म्हटलं. विहीर गेली. पुढच्या पावसाळ्यात आणखी कुणाच्या घरी कावीळ जाणार कोण जाणे.

तेवढ्यात बायकांच्या मधून आत्या उठली.

"हणमंता, खाली बस," ती म्हणाली.

उपसरपंच, पन्नाशीचा माणूस, मिशीला पीळ. पण आत्यानं त्याला नागडा खेळताना बघितलेला. बसला मुकाट्यानं.

"समद्यांच्या तुळशी टाकीवर का हायत, ठावं हाय का तुला? मी सांगते. आळीत पयला संडास माझ्या घरी झाला. ज्ञानूनं टाकी बांधली आन झाकण अंगणाच्या मधी आलं. मला लाज वाटाय लागली. पाव्हणंरावळं येणार, हळदीकुकवाला बाया येणार, आन दारातच त्ये झाकण! मी ज्ञानूला म्हणलं, तुळस ठेव त्याच्यावर. कोण बघतंय खाली काय हाय ते? ज्ञानू, खरं का खोटं?"

"खरं हाय, आक्का," मागून म्हातारा बोलला. "तुमी शपथ घातलीसा, कुणाला सांगू नगं म्हणून."

"आज सुटली शपथ. मग हणमंता, तुझी आई माझ्या दारात आली. तुळस बघून म्हणाली, काय झ्याक दिसतंय! ज्ञानू, माझ्याबी दारात असंच कर. तिचं बघून तिच्या शेजारणीनं केलं. अशी समद्या आळीनं माझी अक्कल उचलली. धरम न्हाई आन बिरम न्हाई, माझी लाज हाय ती, दुसरं काय!"

कुणीतरी फिसकन हसलं. आत्या नाही हसली.

"भाऊबीजेला माझ्या भावानं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. बायांनो, माहेरचं पाणी तुटलं माझं. तुमाला समद्यांना माहेर हाय, तुमाला कळंल. आन तोडलं कुणी? माझ्याच टाकीनं. मी गटाराच्या कडंनं चालत गेले, पयला पाइप माझाच निघाला."

आप्पाला आणून खुर्चीत बसवलं होतं, तो खाली मान घालून डोळे पुसत होता. मी सरपंच म्हणून समोर बसले होते, तरी मला रडू आवरेना.

हणमंतरावांनी बसल्या बसल्या शेवटचा प्रयत्न केला. "पर काकी, तुळस हलवायची म्हंजी..."

"तुळशीचं लगीन दरसाल लावतोस का न्हाई?"

"लावतो की."

"लगीन लावून पोरगी तितंच ठेवायची व्हय रं बापाच्या दारात? कसला बाप तू! लगीन झालं की पोरगी सासरी धाडायची असती. यंदा माझी तुळस सासरी जाणार. अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात तिचं सासर. ज्ञानू नवा चौथरा बांधंल. ज्यांना आपल्या पोरी नांदवायच्या हायत त्या बायांनी हात वर करा!"

अगं बाई! हात काय वर झाले, बांगड्यांचा नुसता खळाळ झाला. हणमंतरावांच्या बायकोचा हात पहिला. ते बघून पुरुषांकडचे हातही वर जायला लागले. ग्रामसेवक उठून मोजायला लागले, तर आत्या म्हणाली, "मोजताय काय वो? खाली कोण हाय तेवढं सांगा." कुणीच नव्हतं. नियम झाला.

पुढं तुळशीचं लग्न झालं ते असं, की आजही गावात त्याची गोष्ट निघते. दिवेलागणीला उसाचा मांडव, अंतरपाट, मंगलाष्टका, सगळं नेहमीसारखं. दुसऱ्या सकाळी मात्र हलगी घुमायला लागली. ज्ञानू गवंड्यानं छिन्नीनं वृंदावन चौथऱ्यापासून अलगद सोडवलं. आत्यानं तुळशीची खणानारळानं ओटी भरली आणि खरोखर हुंदके देऊन रडली. "सांभाळून ऱ्हा गं बाई," म्हणाली. बायाही रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. सासर अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात! पण पोरगी अशी कशी पाठवायची? चौघांनी वृंदावन पालखीसारखं खांद्यावर घेतलं आणि आळीभर वरात काढून मगच कोपऱ्यात आणलं. तिथं आमच्या ह्यांनी वरबाप होऊन तिचं स्वागत केलं. फेटासुद्धा बांधला होता.

मग ज्ञानूनं जुना चौथरा फोडून खालची फरशी उचकटली. खाली झाकण निघालं. बबननं पाइप आत सोडला, गाडी घुरघुरली आणि जो वास सुटला म्हणता, वरात अर्धी आळी मागं सरकली. आत्या तेवढी नाकाला पदर न लावता उभी राहिली. टाकी रिकामी झाल्यावर तिनं बबनला कुंकू लावलं आणि टॉवेल-टोपीचा आहेर केला. बबन लाजून चूर. "आजवर लोकांनी दगड मारलं वो या गाडीला, आहेर पयलाच," म्हणाला.

"हलगी थांबवू नगा!" पलीकडून हणमंतरावांची बायको ओरडली. "आमचीबी पोरगी निघाली!" तिनं नारळ, खण सगळं तयार ठेवलं होतं. आणि पालखीच्या पुढच्या दांडीला खांदा कुणाचा, तर हणमंतराव मोकाशींचा. त्यांची टाकी उघडली. हत्ती बुडेल म्हणायचे, तिथं मांजर बुडायला जागा नव्हती. मी नुसती त्यांच्याकडं बघून हसले. तेही हसले शेवटी, काय करतात! त्या आठवड्यात बबनची गाडी उताराला रिकामी गेलीच नाही. गटारातले पाइप एकेक करून शोषखड्ड्यांकडं वळले.

विहीर उपसली, धुतली, पाण्यात औषधाची पावडर टाकत राहिलो. पुढचा पावसाळा आला आणि गेला. तपासणीची माणसं बाटल्या भरून घेऊन गेली. त्यांचा निरोप येईपर्यंत मला घास गोड लागत नव्हता. आणि एका सकाळी ग्रामसेवक कार्ड नाचवत आमच्या दारात आले. हिरवं! मी ते हातात घेतलं आणि पोरीसारखी उड्या मारत खालच्या आळीला पळाले, पदर कुठं चाललाय याची शुद्ध नव्हती मला.

त्या वर्षीची भाऊबीज. आत्या नवं लुगडं नेसून, नथ घालून, ताट घेऊन निघाली. आप्पा दारात उभा होता, गाल भरलेले, खणखणीत. त्यानं सुनेला हाक मारली नाही. स्वतः विहिरीवर जाऊन पोहरा सोडला होता त्यानं, आणि तांब्या भरून हातात धरला होता.

"घे, आक्का," तो म्हणाला.

आत्यानं तांब्या घेतला. उभ्यानंच तोंडाला लावला आणि गटागटा प्यायला लागली. आम्ही सगळे बघत होतो. शेवटचा थेंब संपला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या भावापुढं धरला.

"भर आणखी एक," म्हणाली. "गेल्या सालाचा राहिलाय."